धुळे ते भुसावळ सायकलवर: ग्रुपबरोबर पहिला लांब दिवस कसा काढायचा

सुरतकडून नागपूरकडे निघालेल्या सायकल टूरमध्ये धुळे-भुसावळ हा टप्पा कागदावर अगदी गरीब दिसतो. घाट नाही, चढ म्हणावा असा चढ नाही, हायवे चौपदरी. आदल्या दिवशी नवापूरहून निघून कोंडाईबारीचा घाट चढून आलेली मंडळी रात्री जेवताना म्हणतात, "उद्याचं काय, सगळं सपाटच तर आहे." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एरंडोलच्या पुढे त्यांच्यातलेच तीन-चार जण सपोर्ट गाडीत मान टाकून बसलेले असतात. मीही एकदा बसलोय. ते कसं झालं ते पुढे सांगतोच.

सपाट रस्ता सायकलवाल्याला विश्रांती देत नाही. घाटात निदान उतार येतो, पाय मोकळे सोडता येतात, बूड उचलता येतं. इथे पॅडल थांबलं की सायकल थांबते. मिनिटाला ८० फेरे धरले, तर साडेसहा तासांत ३१,२०० फेरे होतात. बसणं तेच, हात तेच, समोरचा डांबरी पट्टाही तोच. त्यामुळे या दिवसाची तयारी ताकदीपेक्षा सवयीची आहे.

रस्ता डोक्यात कसा ठेवायचा

१२० किलोमीटरचा आकडा डोक्यात घेऊन निघू नका, नद्या मोजा. हा हायवे (जुना सहा नंबर, आता ५३) तापीच्या दक्षिणेकडून पूर्वेला जातो आणि तापीला मिळणाऱ्या नद्या एकेक करून ओलांडतो. धुळ्याची पांझरा, पारोळ्याच्या अलीकडे बोरी, एरंडोलला अंजनी, बांभोरीला गिरणा, भुसावळच्या तोंडाशी साकेगावजवळ वाघूर. धुळे ते पारोळा साधारण ३५ किलोमीटर, तिथून एरंडोल २७-२८, एरंडोल ते जळगाव ३० च्या आसपास आणि जळगाव ते भुसावळ २५-२७. नदी आली की रस्ता थोडा खाली जातो आणि पुलानंतर थोडा वर येतो. गाडीत बसलेल्याला तो चढ कळणारही नाही, पण शंभराव्या किलोमीटरला तुम्हाला नक्की कळेल.

दिवस हिवाळ्यातला हवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, त्या दिवसांत हा विचारही करू नका. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात जेमतेम अकरा तासांचा उजेड. ताशी १८-१९ चा वेग धरला तर साडेसहा तास चालवण्यात जातात, अडीच-तीन तास थांबण्यात. हिशेब बसतो, पण ऐसपैस नाही. एका हॉटेलात तासभर गप्पा रंगल्या तर भुसावळला अंधारात शिराल.

आधीचे दोन महिने

इथे फार लिहीत नाही. आठवड्यातून तीनदा तासभर सायकल आणि रविवारी एक लांब फेरी: ४०, मग ६०, मग ८०. या दिवसासाठी सरावात १२० करायची गरज नाही. ८० आरामात होत असतील तर १२० होतात. मात्र एकदा तरी सलग दोन दिवस चालवून पाहा. शनिवारी ६०, रविवारी ६०. टूरमध्ये दमलेल्या पायांनी सकाळी पुन्हा सीटवर बसावं लागतं, आणि ती ठसठस आधी ओळखीची झालेली बरी.

सीटची उंची नीट करून घ्या. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पंज्यानं पॅडल मारताना गुडघ्यात हलकी वाकण राहते. बहुतेक नवखे लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि गुडघे दुखले की वयाला दोष देतात.

पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालू नका. आतल्या कपड्याची शिवण साठ किलोमीटरनंतर कातडी सोलते. जांघेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. हे सगळं बोलायला लोक लाजतात आणि तिसऱ्या दिवशी फेंगडे चालतात.

सायकल, आणि खास करून टायर

खान्देशात पंक्चर होतं ते बाभळीच्या काट्यानं. रस्त्याकडेच्या बाभळी तोडून फांद्या वाहून नेल्या की काटे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर पडतात. दुसरा शत्रू ट्रकचे फुटलेले टायर. त्यातल्या बारीक तारा केसासारख्या असतात आणि टायरमध्ये शिरून बसतात.

नवखा माणूस पंक्चर झालं की ट्यूब बदलतो, हवा भरतो, दोन किलोमीटरवर पुन्हा बसतो. कारण काटा टायरमध्येच असतो. बाहेरून तो मोडलेला असतो, आत मिलिमीटरभर टोक उरलेलं. ते डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून एक सुती फडकं हळूच फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. बोटानं चाचपू नका, तार असेल तर बोट कापेल. टोक बाहेर ढकलायला नेलकटर पुरतं. मी तर पंक्चर किटमध्ये चिमटा ठेवायचं सोडून नेलकटरच ठेवतो.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. तुमच्या सायकलला बारीक, वरचा स्क्रू फिरवून उघडायचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्याला बसणार नाही. पितळी अडॅप्टर किटमध्ये ठेवा, सुपारीएवढाही नसतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण ती मशीन मोटारसायकलच्या हिशेबानं भरते. बघता बघता प्रेशर जास्त होऊन ट्यूब फुटू शकते. थोडी थोडी भरा, अंगठ्यानं दाबून पाहत राहा.

दोन सुट्या ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, पॅच, ॲलन की. सपोर्ट गाडीत हे सगळं असतं, हे खरं. पण गाडी बहुधा सगळ्यात मागच्या माणसाबरोबर असते, आणि पंक्चर झालेला माणूस नेहमी तिच्यापासून आठ किलोमीटर पुढे असतो.

आदली रात्र

धुळ्यात पोचलात की मिसळ, शेवभाजी, सगळं खुणावतं. शेवभाजी खाऊ नका असं मी सांगणार नाही, खान्देशात राहून तसं सांगणं म्हणजे पाप आहे. पण उद्या साडेसहा तास पोट वाकवून बसायचं आहे. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा सकाळी नवाच्या सुमारास घशाशी येतो. रात्री खिचडी-कढी किंवा वरण-भात-पोळी, आणि शेवभाजी भुसावळला पोचल्यावर.

कपडे, बाटल्या, दिवे, कागदपत्रं रात्रीच मांडून ठेवा. मागचा लाल दिवा चार्ज केला का, हे दोनदा पाहा. मोबाइलमध्ये तीन नंबर हवेत: ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आणि नॅशनल हायवेवरच्या मदतीसाठी १०३३. ग्रुप लीडरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोबाइल पडला की नंबरही गेला.

पहाट

पाचला उठा. निघण्याआधी तास-दीड तास काहीतरी खाल्लेलं हवं. पोहे, उपमा, दोन केळी, जे रोज पचतं ते. पोट साफ व्हायला वेळ द्या. या एका कारणासाठी अर्धा तास लवकर उठणं परवडतं.

जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो आणि दहाला घाम फुटतो. जाड जॅकेट घातलंत तर ते दिवसभर कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो. जुनी युक्ती आहे: जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद सरकवा. वारा थेट लागत नाही, आणि ऊन आलं की कागद सपोर्ट गाडीत.

आता सगळ्यात धोक्याचा तास. तुम्ही पूर्वेकडे चालला आहात. सव्वासात ते साडेआठ सूर्य समोर, अगदी रस्त्याच्या टोकाशी असतो. तुमच्या डोळ्यांत ऊन येतं हे कळतं, म्हणून लोक गॉगल लावतात. पण तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तेच ऊन आहे, आणि त्याच्या धुळकट काचेवर तुम्ही त्याला दिसत नाही. म्हणून मागचा दिवा उजेडातही लुकलुकता ठेवा, पिवळं किंवा भगवं जॅकेट घाला, आणि या तासात पांढऱ्या पट्टीच्या डावीकडेच राहा. फोटो काढायला हायवेवर थांबू नका. मुकटीच्या आसपास कपाशीच्या शेतांवर ऊन सुंदर पडतं, ठाऊक आहे. तरी नको.

पहिले पस्तीस

या दिवसात काही चुकायचं असेल तर ते इथेच चुकतं, आणि चुकलेलं कळतं चार तासांनी.

सकाळी पाय ताजे असतात, हवा थंड, ग्रुप जोशात. पुढचे दोन-तीन जण २६-२७ नं ओढतात. त्यांच्या मागे वारा लागत नाही, म्हणून तुम्हालाही तो वेग जमतो. जमतो, पण झेपत नाही. माझ्या पहिल्या टूरमध्ये मी असाच दोन दांडग्यांच्या मागे लागलो आणि सव्वा-दीड तासात पारोळ्याला टेकलो. घरी फोन करून सांगितलंही. नाश्त्याला एक वडा खाल्ला, कारण भूक नव्हती. एरंडोलपर्यंत पाणीही बेतानंच प्यालो. एरंडोल सोडल्यावर पिंपळकोठ्याच्या अलीकडे पायांतला जीवच गेला. दुखत काहीच नव्हतं. फक्त पॅडल खाली दाबायचं मन होईना, डोळ्यांपुढे सगळं जरा पिवळं दिसायला लागलं, आणि विनाकारण रडू येईल असं वाटलं.

एका कडुलिंबाखाली सायकल टाकून बसलो. कपाशीची ट्रॉली घेऊन एक आबा तिथेच सावलीला थांबले होते. "कथा जाई राह्यनात भाऊ?" (कुठे निघालात?) भुसावळ म्हटल्यावर त्यांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, फडक्यातून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे काढून हातावर ठेवले आणि म्हणाले काहीच नाही. वीस मिनिटांनी माणसात आलो. तरी पुढचे बारा-तेरा किलोमीटर, पाळधीपर्यंत, गाडीतूनच गेलो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. पारोळ्यापर्यंत ताशी १८ च्या वर जायचं नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, धाप लागणार नाही, तोच तुमचा वेग. गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा. जड गिअरवर जोर मारून चालवलं की गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. पुढे गेलेले जाऊ द्या. पारोळ्याला चहाच्या टपरीवर सापडतील.

ग्रुपमध्ये चालवताना

एकामागे एक, कधीही दोघे शेजारी नाही. पुढच्याच्या मागच्या चाकापासून एका सायकलभर अंतर. त्याच्या चाकाच्या बाजूला तुमचं पुढचं चाक घुसवू नका. तो अर्धा फूट सरकला की तुम्ही पडता, तो नाही.

खड्डा दिसला की बोट खाली करून दाखवायचं. थांबणार असाल तर हात वर आणि तोंडानं मोठ्यानं "थांबतोय". मागून गाडी येत असेल तर शेवटचा ओरडतो, "गाडी!" आणि ते पुढपर्यंत पोचवत जायचं. ग्रुपमध्ये अचानक ब्रेक मारणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो, आणि बरोबर खातो.

हिवाळ्यात वारा बऱ्याचदा ईशान्येकडून, म्हणजे जवळपास तोंडावर असतो. अशा वेळी पुढे राहायची पाळी पाच-पाच मिनिटांची ठेवा. पाळी संपली की मागून काही येत नाही हे पाहून बाजूला व्हायचं, वेग कमी करून रांगेच्या शेवटी लागायचं. नवख्यांनी पाळी न घेता मागे राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. पाळी आली म्हणून एकदम वेग वाढवणारे मात्र नको असतात.

या हायवेवर खास सांभाळायचं ते कपाशीच्या ट्रॉल्यांना. जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीत माल दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडतो, ट्रॉली ओलांडत नाही. शोल्डरवरून उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटारसायकलीही सारख्या भेटतात. त्यांना शिकवायला जाऊ नका, मागे पाहा आणि वाट द्या. मोठा ट्रक जोरात शेजारून गेला की आधी तो बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरलेलं असू द्या.

खाणं-पिणं

भूक लागायची वाट पाहायची नाही. दर पाऊण तासानं काहीतरी तोंडात. शरीराला चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, आणि एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि चिक्कीचा तुकडा. जळगाव जिल्ह्यात केळ्याची चिंता करायची वेळ येत नाही. इथल्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि भरताच्या वांग्यालाही. ते वांगं सध्या राहू द्या.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दोन बाटल्या: एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट एक लिटरचं असतं. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट टाकू नका, पाऊणच टाका. लघवी गडद पिवळी झाली की तुम्ही मागे पडला आहात. नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर मीठ कमी पडून मळमळतं, डोकं जड होतं.

दुपारचं जेवण एरंडोलला किंवा पाळधीला, आणि अर्धपोटी. दहीभात, दोन पोळ्या, डाळ. ढाब्यावरची फौजदारी डाळ तिखट असते, आधी विचारा. जेवल्यावर लगेच झोपू नका, वीस मिनिटं सावलीत बसा आणि निघा. जास्त बसलात तर पाय आखडतात. रसवंती दिसली तर एक ग्लास रस चालतो, बर्फ न घालता.

पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत मिळायला हवं, तसा नियमच आहे. महिला रायडरनी थांबे पंपांच्या हिशेबानं ठरवावेत आणि लीडरला सकाळीच सांगून ठेवावं. लाजून पाणी कमी पिणं हा उपाय नाही, उन्हात तो अंगाशी येतो.

कोणाला चक्कर आली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा उन्हात घाम यायचा थांबला, तर त्या माणसाचं ऐकू नका. तो "ठीक आहे" म्हणणारच. सावलीत घ्या, डोक्यावर-मानेवर पाणी ओता, गाडी बोलवा, आणि बोलणं ताळ्यावर नसेल तर सरळ १०८.

गिरणा ते वाघूर

बांभोरीला गिरणेचा पूल आला की जळगाव आलं असं वाटतं. अलीकडेच डावीकडे-उजवीकडे कॉलेजं, विद्यापीठ, रहदारी. इथे ग्रुप एकत्र करा आणि शहरातून एकत्रच जा. जुन्या हायवेनं शहरातून जायचं ठरलं असेल तर आकाशवाणी चौक, इच्छादेवी आणि अजिंठा चौफुली इथे रिक्षा, बस, ट्रक सगळे एकाच वेळी एकाच जागेत घुसतात. चौक चालत ओलांडला तर कमीपणा नाही.

जळगावात आणखी एक मोह असतो: नव्वद झाले, इथेच थांबू. इथे थांबला तरी चालेल, असं मी कोणालाही सांगतो. पण थांबणार नसाल तर बसू नका. हॉटेलात खुर्चीवर टेकलं की उठवत नाही. उभ्यानं चहा, एक केळं, बाटल्या भरा आणि नशिराबादकडे.

शेवटचे पंचवीस किलोमीटर बूड बोलायला लागतं. दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद चालवा. हाताला मुंग्या येत असतील तर हँडलवरची पकड बदला, कोपर वाकवा. मोजायचंच असेल तर पुढच्या फाट्यापर्यंतच मोजा. संध्याकाळी सूर्य पाठीमागे असतो, तुम्हाला सगळं लख्ख दिसतं. समोरून येणाऱ्यांच्या मात्र डोळ्यांत ऊन असतं. दुभाजकाच्या फटीतून वळणारा मोटारसायकलवाला तुम्हाला पाहतोय असं समजू नका. साडेपाचला दिवे लावा.

वाघूर ओलांडली की पोचलातच.

पोचल्यावर

सायकल भिंतीला टेकवून लगेच आडवं होऊ नका. पाच मिनिटं चाला, पोटऱ्या आणि मांड्या ताणा, अर्ध्या तासात काहीतरी खा. दूध, केळं, शेंगदाण्याची चिक्की, जे हाताशी असेल ते. मग आंघोळ. मग भरीत: कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून ठेचलेलं, बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. आज ते कमावलंय. तिखट किती, हे विचारायची आता गरज नाही.

झोपण्याआधी दोन कामं उरतात. शॉर्ट साबणानं धुऊन, टॉवेलमध्ये पिळून, पंख्याखाली उलटी वाळत घाला. ओलसर शॉर्टवर दुसरा दिवस काढला तर फोड ठरलेला. आणि दोन्ही टायर हळूहळू फिरवून बॅटरीच्या उजेडात बघा. रुतलेला काटा रात्री ट्यूबपर्यंत पोचलेला नसेल तर आत्ताच निघतो. नाहीतर सकाळी साडेसहाला सगळे हेल्मेट घालून उभे असतात आणि तुम्ही चाक काढत बसलेले.